रॉथ आयआरए: उत्पन्नमर्यादा ओलांडली, जुना रोलओव्हर आयआरए आहे, आता काय?

एडिसनकर | ३ मार्च २०२६

२०२५ चं रिटर्न करायला घेतलंय. न्यू जर्सी, जॉइंट फाइलिंग, वय ४४ आणि ४२. फेब्रुवारी २०२५ मध्ये माझ्या रॉथ आयआरएमध्ये (अमेरिकेतलं निवृत्ती खातं; भरताना वजावट नाही, पण नियमाने काढताना कर नाही) थेट ७,००० डॉलर भरले होते. डिसेंबरात आरएसयू (कंपनीने दिलेले शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे माझ्या मालकीचे झाले, बोनसही आला, आणि एमएजीआय (रॉथची मर्यादा ज्यावर ठरते ते उत्पन्न) २,७१,००० वर गेलं. रॉथमधल्या त्या ७,००० चे आज ७,८४० झालेत. त्या खात्यात दुसरे पैसे नाहीत.

शिवाय आधीच्या नोकरीतल्या ४०१(के) चे (कंपनीची निवृत्ती योजना) सुमारे ९६,००० डॉलर ट्रॅडिशनल (रोलओव्हर) आयआरएमध्ये आहेत, सगळे प्री-टॅक्स, म्हणजे अजून कर न भरलेले. आताच्या कंपनीत ४०१(के) आहे. बायकोला उत्पन्न नाही आणि तिच्या नावावर एकही आयआरए नाही.

प्रश्न असे: (१) जास्तीचे ७,००० कसे निस्तरायचे? (२) यापुढे 'बॅकडोअर' (आधी ट्रॅडिशनलमध्ये भरून मग ते रॉथमध्ये वळवणं, म्हणजे कन्व्हर्जन) करायचं तर ९६,००० आड येतात का? (३) बायकोचं २०२५ चं अजून भरता येईल का, आणि ते कन्व्हर्जन २०२५ मध्येच दाखवता येईल का?

---

हिशेबनीस | ३ मार्च २०२६

आधी दोन तारखा वेगळ्या करा, कारण बहुतेक घोळ त्यातूनच होतो. कॉन्ट्रिब्यूशन (खात्यात नवा भरणा) २०२५ च्या नावाने १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरता येतं. रिटर्नला एक्स्टेन्शन घेतलं तरी ही तारीख पुढे सरकत नाही. कन्व्हर्जनला मात्र अशी मागच्या वर्षाची सवलत नाही. ज्या कॅलेंडर वर्षात पैसे ट्रॅडिशनलमधून रॉथमध्ये गेले त्याच वर्षाचं ते कन्व्हर्जन. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाच्या पूर्वार्धाला हो, उत्तरार्धाला नाही.

आता तुमचे ७,०००. जॉइंट फाइलिंगसाठी २०२५ मध्ये रॉथची मर्यादा २,३६,००० पासून कमी होत जाते आणि २,४६,००० ला संपते. त्यामुळे तुमचं पूर्ण कॉन्ट्रिब्यूशन जास्तीचं ठरतं. तसंच ठेवलं तर दरवर्षी ६ टक्के, म्हणजे ४२० डॉलर, फॉर्म ५३२९ वर भरत राहावं लागेल. बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत.

पहिला: पैसे नफ्यासकट काढून घेणं. ८४० डॉलर २०२५ च्या उत्पन्नात धरले जातील. अशा दुरुस्तीतल्या नफ्यावर पूर्वी १० टक्के दंडही लागायचा, तो सिक्युअर २.० कायद्याने काढला.

दुसरा, आणि तुमच्यासाठी हाच बरा: रीकॅरेक्टरायझेशन. कस्टोडियनला (खातं सांभाळणाऱ्या कंपनीला) सांगायचं की २०२५ चं हे कॉन्ट्रिब्यूशन मुळात ट्रॅडिशनल आयआरएमध्ये झालं असं धरा. ते ७,००० आणि त्यावरचा नफा असे ७,८४० ट्रॅडिशनलमध्ये हलवतात. हा व्यवहार करमुक्त असतो. रॉथमध्ये आधीचे पैसे असते तर नफा फक्त ७,००० चा नसता, पूर्ण खात्याच्या चढउताराच्या प्रमाणात काढला असता. तुमचं खातं स्वच्छ आहे, त्यामुळे तो हिशेब सोपा.

मुदत १५ एप्रिल. रिटर्न वेळेत भरलं असेल तर १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतं, पण मग कदाचित अमेंडेड रिटर्न करावं लागतं. आत्ताच उरकून टाका.

फोनवर 'कन्व्हर्जन' हा शब्द अजिबात वापरू नका. रॉथमध्ये केलेलं कन्व्हर्जन उलटवायची सोय २०१८ पासून बंद आहे. उलटवता येतं ते फक्त कॉन्ट्रिब्यूशन. कॉल सेंटरवरच्या माणसाला हा फरक माहीत असेलच असं नाही, म्हणून त्यांचा रीकॅरेक्टरायझेशनचा फॉर्म मागून त्यात वर्ष (२०२५), मूळ तारीख आणि रक्कम तुम्हीच लिहा. पैसे रोलओव्हर आयआरएमध्ये न टाकता नवीन, रिकाम्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये घ्या. कराच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, पण पुढे ९६,००० हलवताना कागदपत्रं सोपी जातात.

तुम्ही ४०१(के) मध्ये आहात आणि उत्पन्न १,४६,००० च्या वर आहे, त्यामुळे या ७,००० ची वजावट मिळणार नाही. ते तुमचं 'बेसिस' होतं, म्हणजे ज्यावर कर भरून झालाय असा पैसा. २०२५ च्या फॉर्म ८६०६ वर (बेसिसची नोंद ठेवणारा फॉर्म) ओळ १ मध्ये ७,०००, ओळ ३ आणि ओळ १४ मध्येही ७,०००, ओळ ४ ते १३ कोऱ्या. रिटर्नला एक छोटं निवेदन जोडा: अमुक तारखेला रॉथमध्ये भरले, अमुक तारखेला ट्रॅडिशनलमध्ये वळवले, इतक्या नफ्यासह.

---

तीन_खाती | ३ मार्च २०२६

९६,००० आड येतात, आणि चांगलेच येतात. आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) तुमचे सगळे ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल आयआरए मिळून एकच खातं धरते. त्यातले फक्त बेसिसचे पैसे उचलून कन्व्हर्ट केले असं म्हणता येत नाही. याला प्रो-राटा नियम म्हणतात.

तुमचेच आकडे. समजा ७,८४० ट्रॅडिशनलमध्ये आले, त्यात २०२६ चे ७,५०० भरले (२०२६ ची मर्यादा ७,५००, पन्नाशीपुढे आणखी १,१००) आणि सगळे १५,३४० कन्व्हर्ट केले. बेसिस १४,५००. वर्षाअखेर ९६,००० तसेच राहिले तर एकूण १,११,३४०. बेसिसचा वाटा सुमारे १३ टक्के. म्हणजे १५,३४० पैकी जेमतेम २,००० करमुक्त आणि उरलेले १३,३४० करपात्र. २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये फेडरल करच ३,२०० च्या आसपास. उरलेलं बेसिस बुडत नाही, पुढच्या वर्षांत जातं, पण ते वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने सुटतं आणि दरवर्षी ८६०६ सांभाळत बसावं लागतं.

तेच ९६,००० वर्ष संपायच्या आत आताच्या कंपनीच्या ४०१(के) मध्ये गेले तर करपात्र रक्कम फक्त ८४०. कर साधारण २०० डॉलर.

इथली तारीख नीट बघा. हिशेबात धरली जाते ती कन्व्हर्जनच्या वर्षाची ३१ डिसेंबरची शिल्लक. कन्व्हर्जनच्या दिवशीची शिल्लक कोणी विचारत नाही. मार्चमध्ये कन्व्हर्ट केलं आणि ९६,००० ऑक्टोबरात हलवले तरी चालतं. आणि २०२५ मध्ये तुम्ही काही कन्व्हर्टच केलं नाही, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२५ ला खात्यात किती होते याने काही फरक पडत नाही. तरी माझं मत: क्रम उलटा ठेवा. आधी ९६,००० हलवा, मग कन्व्हर्ट करा. सगळेच ४०१(के) प्लॅन आयआरएमधून आलेले पैसे घेत नाहीत. कन्व्हर्जन होऊन बसल्यावर ते कळलं तर परतीचा रस्ता नाही.

हलवण्याची कृती: प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा, 'ट्रॅडिशनल आयआरएमधून इनकमिंग रोलओव्हर घेता का?' नुसतं 'रोलओव्हर घेता का' विचाराल तर हो म्हणतील, कारण जुन्या ४०१(के) मधून बहुतेक प्लॅन घेतात. मग चेक कोणाच्या नावाने आणि कुठल्या पत्त्यावर हे लेखी घ्या. आयआरएमधले फंड विकून कॅश करा. चेक प्लॅनच्या नावाने, 'अमुकच्या लाभासाठी' असा निघाला पाहिजे. तो तुमच्या घरच्या पत्त्यावर आला तरी बिघडत नाही, पुढे पाठवून द्या. तुमच्या वैयक्तिक नावाने निघाला तर मात्र ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं, आणि कस्टोडियनने त्यातून कर कापला असेल तर तेवढी रक्कम खिशातून भरावी लागते. पुढच्या जानेवारीत १०९९-आर (खात्यातून निघालेल्या पैशांचा फॉर्म) येईल, त्यावर कोड जी आहे का बघा.

बेसिसचे पैसे ४०१(के) मध्ये जाऊ शकत नाहीत, फक्त प्री-टॅक्स जातात. इथे तो नियम तुमच्या फायद्याचाच आहे. ही सगळी खटपट डिसेंबरवर ढकलू नका. नाताळच्या आठवड्यात पोस्टात अडकलेला चेक पाहण्यासारखं दुःख नाही.

---

हिशेबनीस | ४ मार्च २०२६

बायकोचं राहिलं होतं. प्रो-राटा माणशी लागतो, जोडप्याला नाही. तुमचे ९६,००० तिच्या हिशेबात येत नाहीत. तिला उत्पन्न नसलं तरी जॉइंट रिटर्न असेल तर तुमच्या कमाईवर तिचा स्पाउसल आयआरए चालतो.

तिच्या नावाने ट्रॅडिशनल आयआरए उघडा. १५ एप्रिलपूर्वी ७,००० भरा आणि वेबसाइटवर वर्ष २०२५ निवडा. डीफॉल्टला बहुधा चालू वर्ष असतं. लागलीच ७,५०० वर्ष २०२६ म्हणून भरा. पैसे मनी मार्केटमध्येच राहू द्या आणि ते सेटल झाले की १४,५०० एकदम कन्व्हर्ट करा. किती दिवस थांबायचं असा काही नियम नाही. जितकं थांबाल तितकं व्याज साठतं आणि तेवढंच करपात्र होतं. कन्व्हर्जननंतर ट्रॅडिशनलमध्ये दोन-चार डॉलर व्याज पडलं तर तेही वर्षाअखेरीआधी कन्व्हर्ट करून खातं शून्यावर आणा.

पुढच्या वर्षापासून दोघांनीही जानेवारीत भरून त्याच महिन्यात कन्व्हर्ट करायचं. भरणा आणि कन्व्हर्जन एकाच कॅलेंडर वर्षात असलं की ८६०६ सोपा जातो.

---

एडिसनकर | ४ मार्च २०२६

दोघांचेही आभार. रीकॅरेक्टरायझेशनचा फॉर्म आज पाठवला. ४०१(के) वाल्यांनी आयआरएमधून घेतो असं ईमेलने कळवलंय. एक शंका: पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरमध्ये टाकताना दुप्पट कर लागू नये म्हणून काय बघायचं?

---

तीन_खाती | ५ मार्च २०२६

जानेवारी २०२७ मध्ये तुम्हाला तीन १०९९-आर दिसतील. रीकॅरेक्टरायझेशनचा कोड आर (मागच्या वर्षाच्या कॉन्ट्रिब्यूशनसाठी, त्याच वर्षाचं असतं तर कोड एन). रोलओव्हरचा कोड जी. आणि कन्व्हर्जनचा कोड २, कारण तुम्ही ५९½ च्या आत आहात.

माणसं घाबरतात ती तिसऱ्याला बघून. त्यात बॉक्स १ मध्ये १५,३४०, बॉक्स २ए मध्येही १५,३४०, आणि २बी ला 'करपात्र रक्कम ठरवलेली नाही' अशी खूण असते. कस्टोडियनला तुमचं बेसिस माहीत नसतं, म्हणून तो पूर्ण रक्कम लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये हा फॉर्म टाकल्याबरोबर रिफंड धाडकन खाली येतो. आयआरए कॉन्ट्रिब्यूशनच्या भागात जाऊन २०२६ चे ७,५०० नॉन-डिडक्टिबल म्हणून आणि मागचं बेसिस ७,००० टाकलंत की तो परत वर येतो. तो भाग वगळून पुढे जाणारे खरोखर दोनदा कर भरतात.

शेवटी ८६०६ छापून तपासा: ओळ १ ला ७,५००, ओळ २ ला ७,०००, ओळ ६ ला शून्य, ओळ ८ ला १५,३४०, ओळ १८ ला ८४०. ओळ १० चा अपूर्णांक किमान तीन दशांशांपर्यंत मागितलाय. तीनच घेतले (०.९४५) तर चार डॉलर उगाच करपात्र होतात, पाच घ्या. बायकोचा ८६०६ वेगळा असतो, तोही जोडला गेलाय का बघा. ८६०६ च्या प्रती कायम जपा, सात वर्षांनी फाडू नका.

न्यू जर्सीबद्दल एक: राज्य आयआरए कॉन्ट्रिब्यूशनची वजावट कधीच देत नाही. त्यामुळे ज्यांनी पूर्वी फेडरलला वजावट घेतली होती त्यांचं राज्याचं बेसिस फेडरलपेक्षा जास्त असतं, आणि ते वेगळं मांडलं नाही तर राज्याला दोनदा कर जातो. तुमच्या बाबतीत दोन्ही सारखंच आहे.

---

परतीचे_वारे | ७ मार्च २०२६

थोडं वेगळं, पण इथेच विचारते. आम्ही दोघं अमेरिकन नागरिक, वय ४६. साधारण १५ ऑगस्ट २०२६ ला कायमचे पुण्याला परत जातोय. २०१२ पासून इथे आहोत, भारतात एनआरआय. ट्रॅडिशनल आयआरए मिळून ४ लाख डॉलर. नोकरी लगेच करायचा विचार नाही. कन्व्हर्जन कधी करावं? जायच्या आधी की नंतर?

---

नदीकाठ | ८ मार्च २०२६

२०२६ मध्ये नको, त्या वर्षी सात-आठ महिन्यांचा पगार आधीच स्लॅब खाऊन बसलेला असेल. नंतर करा, पण भारतात आरएनओआर (निवासी, पण अजून 'सामान्य निवासी' नाही असा कराचा दर्जा) आहात तोवर.

आरएनओआर असताना परदेशातलं उत्पन्न भारतात करपात्र नसतं (भारतातून चालवलेल्या धंद्याचं सोडून). हा दर्जा दोन कसोट्यांपैकी एकीवर मिळतो: मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवस वा कमी. तुमचं २०२६-२७ आणि २०२७-२८ पहिल्या कसोटीवर बसतं. २०२८-२९ ला ती संपते, मग दिवस मोजायचे. १५ ऑगस्ट ते ३१ मार्च २२९ दिवस, पुढचं पूर्ण वर्ष ३६६ (लीप), एकूण ५९५. म्हणजे एप्रिल २०२१ पासून परत येईपर्यंतच्या सगळ्या भारतवाऱ्या मिळून १३४ दिवसांच्या आत असतील तर तिसरं वर्षही मिळतं. पासपोर्टवरचे शिक्के आजच मोजा. जाण्याआधी लग्नकार्यासाठी महिनाभर राहून यायचा बेत असेल तर तो या १३४ मध्येच येतो. उलट परतल्यावर मधे भारताबाहेर काढलेले दिवस ५९५ मधून कमी होतात.

आता दोन देशांची वर्षं एकमेकांत बसवा. अमेरिकेचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, भारताचं ३१ मार्चला. आरएनओआर मार्च २०२९ पर्यंत असेल तर २०२७ आणि २०२८ ही दोन पूर्ण वर्षं मिळतातच, शिवाय जानेवारी ते मार्च २०२९ मध्ये केलेलं कन्व्हर्जन अमेरिकेच्या नव्या वर्षात आणि भारताच्या जुन्या, अजून आरएनओआर असलेल्या वर्षात पडतं. म्हणजे अमेरिकेचे कमी दराचे स्लॅब तीनदा वापरता येतात.

२०२६ च्या आकड्यांनी: जॉइंट स्टँडर्ड डिडक्शन ३२,२००, आणि १२ टक्क्यांचा स्लॅब १,००,८०० पर्यंत. दुसरं काही उत्पन्न नसेल तर १,३३,००० कन्व्हर्ट केल्यावर फेडरल कर ११,६००, नऊ टक्क्यांच्याही आत. तीन वर्षांत तुमचे ४ लाख जवळपास निघतात. आकडे दरवर्षी बदलतात, त्या वर्षीचे बघा. भारतातलं व्याज, भाडंही अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येतं, तेवढं वजा करा. नोकरी धरलीत आणि परदेशी पगाराची वजावट (फॉर्म २५५५) घेतलीत तर तो पगार करमुक्त झाला तरी स्लॅब वर ढकलतो; कन्व्हर्जनचे डॉलर त्या पगाराच्या डोक्यावर बसतात. राज्य सोडल्यावर राज्याचा कर नाही: अनिवासींच्या निवृत्ती उत्पन्नावर राज्यांनी कर लावायचा नाही असा १९९६ चा फेडरल कायदा आहे.

कर आयआरएमधून कापून घेऊ नका. कापलेली रक्कम रॉथमध्ये पोचत नाही, ती पैसे काढल्यासारखी धरतात आणि ५९½ च्या आत तिच्यावर १० टक्के दंड. बाहेरच्या पैशातून एस्टिमेटेड टॅक्स भरा. डिसेंबरात कन्व्हर्ट केलंत तर १५ जानेवारीपर्यंत भरून फॉर्म २२१० च्या शेड्यूल एआयवर उत्पन्न वर्षाअखेर आलं हे दाखवता येतं.

पाच वर्षांचा नियमही आहेच. प्रत्येक कन्व्हर्जनचं वेगळं घड्याळ, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. डिसेंबर २०२७ चं कन्व्हर्जन १ जानेवारी २०३२ ला मोकळं होतं. त्याआधी, ५९½ च्या आत, ती मूळ रक्कम काढली तर १० टक्के.

आता कटू भाग. भारतीय आयकर कायद्यात रॉथ नावाचा वेगळा प्रकार नाही. तुम्ही पूर्ण निवासी झालात की रॉथमधली वाढ भारतात करमुक्त राहील असं कुठेही लिहिलेलं नाही. ट्रॅडिशनलसाठी निदान १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९अ ची सोय आली (त्यात फॉर्म १०-ईई, रिटर्नच्या मुदतीत, एकदा निवडलं की मागे घेता येत नाही), ज्यात पैसे काढल्यावरच भारतात कर लागतो. त्यामुळे कायमचं पुण्यात राहायचं असेल तर चारही लाख रॉथमध्ये नेऊ नका असं मी म्हणेन. काही भाग आरएनओआर काळात सरळ काढून घेण्याचा पर्यायही मांडून बघा: तेच स्लॅब, वर १० टक्के दंड, पण भारतातल्या कराचा प्रश्न तिथेच मिटतो. दोन्ही देशांचं काम करणाऱ्या सीएला हे आकडे घेऊनच भेटा.

---

परतीचे_वारे | ८ मार्च २०२६

शिक्के मोजले. १२१ दिवस.

आणि हे एच-१बी वरून परतणाऱ्यांनाही लागू होतं का? भावाचा प्रश्न आहे.

---

नदीकाठ | ९ मार्च २०२६

१२१ म्हणजे अजून १३ दिवस हातात आहेत. मुक्कामात येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरावा लागू शकतो, त्यामुळे टोकावर खेळू नका.

भावाचं गणित वेगळं. देश सोडल्यावर तो अमेरिकेच्या दृष्टीने नॉन-रेसिडेंट एलियन. १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न) वर भारतीय पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन नाही (भारताशी असलेल्या करारातली सूट विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थींना आहे), जॉइंट फाइलिंगही नाही. कस्टोडियन बहुधा ३० टक्के कापून ठेवतो. शून्य टक्क्यांचा थरच नसल्याने कन्व्हर्जनचा फायदा बराच कमी होतो. आणि भारतातला पत्ता दिल्यावर काही ब्रोकरेज खात्यात नवीन खरेदी बंद करतात, तेव्हा कुठल्या कस्टोडियनकडे पैसे ठेवायचे हे त्याने निघायच्या आधी ठरवावं.

---

हिशेबनीस | ९ मार्च २०२६

वाचणाऱ्यांत पन्नाशीपुढचे असतील तर २०२६ पासूनचा एक बदल: २०२५ मध्ये त्याच कंपनीकडून सोशल सिक्युरिटीखालचा पगार (पगाराच्या वार्षिक फॉर्मचा, डब्ल्यू-२ चा, बॉक्स ३) १,५०,००० च्या वर असेल, तर ४०१(के) चं कॅच-अप, म्हणजे पन्नाशीपुढचा जादा भरणा (८,०००, वय ६० ते ६३ असेल तर ११,२५०) आता फक्त रॉथमध्येच जातं. प्लॅनमध्ये रॉथची सोयच नसेल तर अशांना कॅच-अप भरता येत नाही. आणि ६३ व्या वर्षापासून मोठं कन्व्हर्जन करणाऱ्यांनी मेडिकेअरचा (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) विचार करावा: ६५ ला लागणारा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या रिटर्नवरून ठरतो. ७३ नंतर त्या वर्षीचं आरएमडी (दरवर्षी काढावीच लागणारी किमान रक्कम) आधी काढावं लागतं, मगच कन्व्हर्जन; आरएमडीची रक्कम रॉथमध्ये टाकता येत नाही.